पट्टीवरचा देश

मी एक सुती चादर बोलतेय. तेल्हाऱ्याच्या एका घरात, लोखंडी पलंगावर माझा मुक्काम असतो. अंगावर निळ्या फुलांची वेल आहे, पण धुऊन धुऊन ती पार फिकट झाली. मला सगळं नीट आठवत नाही, बरं का. आम्हा चादरींच्या आठवणी झोपेतल्यासारख्याच असतात.

जन्म म्हणाल तर काळ्या मातीतला. बोंड उमललं, ऊन आत आलं आणि कुणाच्या तरी बोटांनी मला अलगद वेचलं. शेत कुणाचं होतं देव जाणे, पण होतं वऱ्हाडातलंच. वेचणाऱ्या बाया एकमेकींना "काहून वो" म्हणत होत्या. तो हेल मी कशी विसरेन? मग सरकी काढणाऱ्या जिनिंगचा धडधडाट, गाठीतला काळोख आणि सारखं डुलणारं जहाज.

जाग आली ती दूरदेशीच्या सूतगिरणीत. बाहेर पाऊस पडत होता. एका सावळ्या तरुणाने माझा पुंजका उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले आणि मराठीत पुटपुटला, "आपल्याकडचा वाटते." तेवढाच एक क्षण. पुढे मी सूत झाले, कापड झाले, चादर झाले. शेवटी माझ्या कोपऱ्यात पांढरी पट्टी शिवली गेली. मूळ देश, व्हिएतनाम.

मला हसूच आलं. पण बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव असावं, असा इकडे नियम आहे. माल तयार कुठे झाला हे तो विचारतो. कापूस कुठे उगवला ते विचारत नाही. आणि पट्टीवर जागा तरी किती? एका देशापुरतीच.

अशी मी अकोल्याला देवीदासच्या दुकानात आले. या पठ्ठ्याने पाकिटावरच्या देशाच्या नावावरच किमतीची चिठ्ठी डकवली होती. एके दिवशी तेल्हाऱ्याहून मनकर्णाबाई आणि त्यांची लेक रागिणी थंडीसाठी चादर घ्यायला आल्या. बाईंनी मला गालाला लावून पाहिलं.

"मऊ हाय. कोठची हाय रे?"

"इंपोर्टेड हाय, मावशी."

"मंग देशाचं नाव कोठी हाय?"

रागिणीने नखाने चिठ्ठी उचकटली आणि खालचं इंग्रजी वाचलं. मग हळूच म्हणाली, "माय, व्हिएतनामची हाय."

चटका बसावा तसं बाईंनी मला खाली टाकलं. "नको मले."

कारण मला पुढे कळलं. त्यांचा मुलगा किशोर त्याच देशात सूतगिरणीत कामाला गेला होता. आधी तिकीट काढलं आणि मग आईला सांगितलं. तेव्हापासून आईचा अबोला. रागिणी भावाचा फोन पुढे धरायची, की बाई "दूध उतू जाऊन राह्यलं" म्हणत उठायच्या. चुलीवर दूध असो की नसो!

पण त्या दिवशी दुकानाची पायरी उतरलेली ही बाई परत आली. "बांधून दे," म्हणाली, दुसरीकडेच बघत.

घरी निजताना त्यांची बोटं माझ्या कोपऱ्याशी यायची. पट्टी चाचपायची, मग श्वास संथ व्हायचा. हे गुपित फक्त माझं आणि त्यांचं. रागिणीला त्याचा पत्ता नव्हता. त्या नावाने आईला त्रास होतो, असं वाटून तिने एका दुपारी कात्रीने पट्टी कापली आणि केरात टाकली. बिचारीने मायेनेच केलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडी घालताना बाईंचा हात कोपऱ्यावर थांबला.

"पट्टी कोनं कापली वं?"

"मीनं. तुले तरास होते म्हनून..."

"होते तर होऊ दे! माह्या लेकराचा गाव हाय तो!"

एवढं बोलून बाई अनवाणीच उकिरड्यावर गेल्या. राख, भाजीची देठं, सगळं हातांनी उपसलं. पट्टी सापडली. ती धुतली, वाळवली आणि लाल दोऱ्याने माझ्या कोपऱ्यात पुन्हा शिवली.

"माय, उलटी लागली," रागिणी म्हणाली.

"राहू दे. मले कोठी इंग्रजी वाचता येते?"

नव्या कपड्याला लावतात तसं कुंकवाचं बोट त्यांनी पट्टीशेजारी लावलं. माझं ते राहूनच गेलं होतं. मग मला मांडीवर घेऊन बसल्या. "लाव त्याले फोन."

फोन लागला. बाईंनी माझा कोपरा मुठीत घट्ट धरला होता.

"किशोर... तेथी थंडी पडते काय रे?"

पलीकडून किशोर म्हणाला, "पडते, माय. थोडी."

"मंग पांघरून घेऊन निजत जाय."

आता मी विरत चालले आहे. उद्या माझं पोतेरं केलंत तरी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. कपाशी फुटायच्या दिवसांत किशोर घरी येणार आहे म्हणे. तोवर मला जपा आणि पहिल्या रात्री त्याच्या अंगावर मलाच घाला. गिरणीतला तो तरुण हाच होता की दुसरा कुणी, मी खात्रीने सांगू शकत नाही. पण त्याने मला नाकाशी धरून डोळे मिटले, की मी ओळखेन.