एकशे एकाहत्तरावा भागाकार

मी एक जुनी संख्या आहे. दहा लाख चाळीस हजार तीनशे नव्याण्णव. मित्रांनो, सरळ बसा आणि माझे नाव एकदा न अडखळता म्हणा; निम्मे नाव गिळलेले मला चालत नाही.

तशी मी अनादी. पण मला कागदावर उतरवले ते छापखान्यात उभा जन्म प्रुफे तपासलेल्या एका वृद्धाने. पत्नी गेल्यानंतर एका दुपारी त्याने वहीच्या शेवटच्या पानावर एक गुणाकार केला, खाली तारीख घातली आणि उत्तर म्हणून आलेल्या मला पहिल्या पानावर मांडले. रविवारी लेक भेटायला आली, तेव्हा तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "हिला कशाने भाग जातो, की ही अविभाज्य? तूच बघ."

"मोबाइलवर पटकन सांगते, बाबा."

"हात लावशील तर खबरदार! दर रविवारी एक भागाकार. तोही हाताने."

"म्हणजे शिक्षाच की!"

"चहा मी करीन."

माझी परीक्षा सोपी नव्हे. माझे वर्गमूळ एक हजार वीसच्या किंचित अलीकडे. तिथपर्यंतच्या प्रत्येक अविभाज्य संख्येने मला भागून पाहावे लागते. अशा संख्या एकशे एकाहत्तर. दोनने भागले, एक उरला. तीनने भागले, दोन उरले. सातने भागले, तीन उरले. माझा ताठा वाढत गेला. लेक चुकली की तो लाल पेन्सिलीने खूण करी आणि ती फणकारे, "हे प्रूफ नाही, बाबा!" तीन वर्षांहून अधिक काळ त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझे राज्य होते.

एक हजार तेराने भागले, अठ्ठेचाळीस उरले. तो एकशे सत्तरावा. त्यानंतर लेकीची बदली दूर झाली.

"एकच तर राहिलाय," ती फोनवर म्हणाली. "तुम्हीच करून टाका ना."

"छे! तो तुझ्या हातचा. मी थांबतो."

उत्तर मला ठाऊक होते, त्यालाही होते. पण संख्येला विचारल्यावाचून बोलता येत नाही. नऊ रविवार त्याने वही उघडली, पेन्सिलीला टोक काढले, दोन कप मांडले. दहाव्या रविवारी वही उघडायला तो नव्हता.

लेक आली. भेटायला आलेली माणसे पांगल्यावर तिने मला एक हजार एकोणिसाने भागले. उत्तर आले एक हजार एकवीस. काहीच उरले नाही. सवयीने तिने वही समोर सरकवली आणि लाल खुणेची वाट पाहत बसली. मग भानावर येऊन तिने पाने उलटली. शेवटच्या पानावर त्याच दोन संख्यांचा गुणाकार होता, त्याच्या अक्षरात, पहिल्या रविवारच्याही आधीच्या तारखेचा.

"लबाड," ती म्हणाली आणि तिने टेबलावर डोके टेकले.

मित्रांनो, त्या दोन संख्यांमध्ये अंतर अवघे दोनचे. तुमच्यासाठीही कोणी पेन्सिलीला टोक काढून बसले असेल. उठा आणि आजच जा. ही आज्ञा समजा; विनंती करण्याची मला सवय नाही.