बगळेकाकांची दुर्बीण

मित्रांनो, समुद्राकडच्या खिडकीपाशी खिळ्याला टांगलेली मी एक जुनी दुर्बीण. अंगावरचे काळे कातडे कोपऱ्यांत सुटले आहे, पट्टा दोनदा शिवलेला आहे आणि उजव्या भिंगाचे झाकण कुठेतरी दलदलीत पडून राहिले आहे. काचा मात्र अजून चोख आहेत. ही फुशारकी नव्हे. याच काचांवर एकदा खोटा आळ आला होता, आणि मला तो खोडून काढता आला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई माझ्या पोटातले लोलक चिमट्याने बसवत. श्वाससुद्धा जपून घेत, कारण काचेवर वाफ धरली की काम पहिल्यापासून. सगळे जमल्यावर त्यांनी मला डोळ्यांना लावून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली, "हं, बरी झालीस," म्हणाल्या आणि डब्यात घातले.

त्या डब्यातून मी थेट बगळेकाकांच्या गळ्यात आले. हे त्यांचे खरे नाव नव्हे. लांब पाय, किंचित वाकलेली मान आणि तासन्‌तास न हलता उभे राहायची सवय, म्हणून त्यांच्या ताईने लहानपणीच त्यांना 'बगळ्या' करून टाकले होते. पाहुण्यांनी त्याचे 'बगळेकाका' केले. ताईचे समुद्राकाठी सहा खोल्यांचे विश्रामगृह होते. भावाने पाहुण्यांना रानातले प्राणी दाखवायचे काम धरले, तेव्हा तिनेच मला आणले. "घे. आता बगळ्याला आणखी दोन डोळे," ती म्हणाली होती.

पानगळ लागली की आमचा हंगाम सुरू होई. आठ-दहा पाहुणे, पाच दिवसांची सहल. पहिले दोन मुक्काम आत, रानाला लागून असलेल्या एका शेतघरात. तिथे चुलीशेजारी चिखलाच्या बुटांची रांग लागे आणि पहाटे धुक्यातून हरणांच्या शिंगांची खडाखड ऐकू येई. मग आम्ही समुद्राकडे ताईच्या घरी येत असू. ओहोटीच्या चिखलात रानहंसांचे थवे उतरत आणि पलीकडच्या वाळूवर सील या सागरी प्राण्याच्या माद्या पिल्लांना जन्म देत.

त्या वर्षांत मी काय काय पाहिले! एका आजोबांनी मला उलटे धरून "फारच लांब आहेत हो!" अशी तक्रार केली. एका लहानगीने माझी काच चाटली. एक गृहस्थ तीन दिवस नुसते कुरकुरत होते, पण हंसांचा थवा उठला तेव्हा त्यांचे हात असे थरथरले की मला काहीच धड दाखवता येईना.

बगळेकाकांचा एकच नियम होता. "पिल्लापासून शंभर पावलं! त्याच्या आत कोणी पाऊल टाकलं, तर मी सगळ्यांना घेऊन परत फिरेन." आई समुद्रात असते, पिल्लू वाळूवर. मध्ये माणूस उभा दिसला की आई बिचकते, आणि कधीकधी पुन्हा येतच नाही. हे ते दर सहलीत सांगत आणि डोळ्यांत तेल घालून पाळत.

मग एका हंगामात ते माझ्याशी चाळा करू लागले. माझी दोन नळकांडी जवळ आण, लांब कर. सदऱ्याच्या टोकाने काच पूस, पुन्हा पूस.

"हिच्या कडा काळ्या पडल्यात," ते ताईला म्हणाले. "मधलं लख्ख दिसतं. कडेचं जातं."

मित्रांनो, माझ्या कडा तशाच स्वच्छ होत्या. मी रोज त्यांच्या डोळ्यांना टेकत होते. काळे कुठे पडत होते ते माझ्याइतके जवळून कोणाला ठाऊक असणार? पण मी बोलणार कशी?

त्यांनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेले. कारागिराने उजेडाकडे धरून मला उलटसुलट पाहिले. "काही बिघाड नाही हिच्यात. काका, एकदा डोळे दाखवून घ्या."

"माझे डोळे?" काका हसले. "अहो, कळपातली लंगडी हरिणी मी टेकडीवरून ओळखतो!"

ते खरेच होते, आणि तिथेच घात झाला. समोरचे त्यांना उत्तम दिसत होते. घरात ते स्टुलाला अडखळत, दाराच्या चौकटीला खांदा आपटत, आणि ताई म्हणे, "पाय लांब आहेत ना, सावरत नाहीत तुला." दोघेही हसत. मी टेबलावर पडून ऐकत असे.

शेवटी दोन वर्षांनी त्यांनी नवी दुर्बीण आणली आणि मला या खिळ्याला टांगले. पहिल्याच दिवशी नवी डोळ्यांना लावून ते खिडकीशी उभे राहिले. मग ती खाली घेतली, पुसली, पुन्हा लावली. नवीही तशीच निघाली होती. त्या दिवशी त्यांना कळले असावे. पण सहली तोंडावर आल्या होत्या, आणि ते गप्प राहिले.

त्या हंगामातली शेवटची सहल. दुपारची ओहोटी, सोसाट्याचा वारा. काका सहा पाहुण्यांना घेऊन वाळूवर गेले होते. ताई वरच्या खोलीत चादरींच्या घड्या करत होती. मंडळी परतायला लागली का, चहाचे आधण ठेवू का, हे बघायला तिने मला खिळ्यावरून काढले.

आम्हा दोघींना एकदमच दिसले. डावीकडे, वाळूच्या उंचवट्याशी, एक पांढरे पिल्लू. इतके स्पष्ट की त्याच्या मिशाही मोजता याव्यात. आणि काका त्याच्या अंगावरून जावे तसे सरळ चालले होते, नजर पुढे, दूरच्या सीलकळपावर. मागून पाहुणे, निर्धास्त. काका बरोबर असताना कोण कशाला बघेल?

"बगळ्या! डावीकडे!" ताईने खिडकी उघडून हाक मारली. वाऱ्याने ती तिच्याच तोंडावर परत फेकली. "अरे थांब! डावीकडे बघ!"

मी काकांचा चेहरा हातभर अंतरावर आणून दाखवत होते. ओठ हलताना दिसत होते. ते बहुधा शंभर पावलांचेच सांगत होते. लांबचे जवळ दाखवणे एवढेच माझ्या हाती आहे. जवळ नेणे नाही. ताई जिन्याकडे धावली, तेव्हा माझ्या काचांवर नुसता तिचा पदर आणि पायऱ्या नाचत राहिल्या.

आम्ही वाळूवर पोहोचलो तोवर पाहुणे पिल्लाभोवती गोळा झाले होते. "कित्ती गोड!" कोणीतरी म्हणत होते. पिल्लू रडत होते. पाण्यात एक काळे डोके वर आले, थांबले आणि बुडाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ताईने विचारले, "तुला दिसलं नाही?"

"वाळू दिसली," काका म्हणाले.

"नव्या दुर्बिणीतनं?"

"तिच्याही कडा काळ्या आहेत, ताई." मग हलकेच, "काळं तिच्यात नाही."

ताईने हातातली बशी खाली ठेवली. त्या दोघांना मी त्याआधी कधी रडताना पाहिले नव्हते.

पुढचे दोन दिवस ताई मला घेऊन खिडकीत बसली. पिल्लू हाका मारत होते. ते काळे डोके एकदाही दिसले नाही. तिसऱ्या सकाळी मोठी भरती येऊन गेली आणि वाळू धुऊन निघाली होती.

"आली होती का ती?" काकांनी विचारले.

"आली असेल. घेऊन गेली असेल," ताई म्हणाली. मी तिच्या हातातच होते.

डॉक्टरांनी काकांच्या दुखण्याला काचबिंदू म्हटले. हा आजार न दुखता, कडेकडेने नजर खात येतो. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाने टिकवता येते. डावा डोळा जवळपास गेला होता. "दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. म्हणजे ते मला पुसत होते, तेव्हा.

आता सहली दुसरेच कोणी नेतात. काका दिवसातून तीनदा थेंब घालतात आणि कधीतरी मला मागून घेतात. ताई त्यांचे खांदे धरून त्यांना हंसांकडे वळवते. थाळीएवढे आभाळ मी त्यांना दाखवू शकते. त्यात दोन-चार हंस मावतात. बाकीचा थवा कुठे गेला, ते विचारत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्याने पुसा, हे तर सांगेनच. पण तुमच्या घरातले कोणी सारखा चष्मा पुसू लागले, दिव्याला नावे ठेवू लागले, दारांना धडकू लागले, तर हसण्यावारी नेऊ नका. त्यांचा हात धरा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चला. ते नाही म्हणतील, तरी चला. मला सगळे दिसत होते, पण हाक मारता येत नव्हती. तुम्हाला येते.