तीनला गोल

मार्चमध्ये मुक्ताचा दुसरा केमो होता. स्टुटगार्टच्या हॉस्पिटलात नर्सनं एक कागद दिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र आणि शून्य ते दहा आकडे. गेल्या आठवड्यात मनावर किती ताण होता, त्या आकड्याला गोल करायचा. मुक्ताला जर्मन जेमतेम येतं, त्यामुळे तिचे सगळे फॉर्म भरणारा शहाणा नवरा म्हणजे मी.

तिनं नऊवर बोट ठेवलं.

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "नऊ केलं तर लगेच सायकॉलॉजिस्ट मागे लावतील. तुला काय वेड लागलंय? मी आहे ना बोलायला." आणि तीनला गोल करून मोकळा झालो.

बोलायला मी होतोच. फक्त मीच बोलायचो. ती "भीती वाटते" म्हणाली की मी रिपोर्ट काढून तिला टक्केवारी समजावायचो, पॉझिटिव्ह राहा म्हणून डोकं खायचो. एकदा तर "रडून गाठ कमी होणारे का?" असं खेकसलो. जीभ कशी झडली नाही माझी. पुढे कागद आला की मी न विचारताच तीनला गोल करायचो. तीही काही म्हणायची नाही. मला वाटलं, सावरली.

जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या फ्राऊ बाउअरनी मला जिन्यात गाठलं. "तुमची बायको तळघरात वॉशिंग मशीनच्या खोलीत रडत असते. रोज. मी शेजारी जाऊन बसते, पण ती काय बोलते ते मला समजत नाही."

त्यांना तिची भाषा येत नव्हती, तरी त्या बसत होत्या. मला येत होती. वर घरात जायची मला लाज वाटली.

पुढच्या केमोला मी पेन मुक्तापुढे धरलं. "तू कर. खरा आकडा."

"तीनच कर," ती म्हणाली. "तुला तेवढाच झेपतो."

"म्हणजे मी दर वेळी तीनच करतो, हे तुला माहीत होतं?"

"मला जर्मन येत नाही, सिद्धेश. आकडे वाचता येतात."

मी नर्सला सांगून टाकलं की आतापर्यंतचे सगळे तीन माझे आहेत, हिचे नाहीत. नर्सनं सायकॉलॉजिस्ट बाईंना बोलावलं आणि फोनवर हिंदीची दुभाषी लावून दिली. बाईंनी पहिला प्रश्न विचारला. उत्तर देण्याआधी मुक्तानं माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

मी उठलो आणि दार लोटून बाहेर बाकावर बसलो.

आतून शब्द कळत नव्हते, तिचा आवाज तेवढा येत होता. पाऊण तास ती बोलत होती. मार्चपासून माझ्याशी ती सलग पाच मिनिटंही बोलली नव्हती.