करड्या रंगाखाली

गोदामाच्या भिंतीवर रंगाचे इतके थर साचलेत की गल्ली वीतभर अरुंद झाली आणि लठ्ठ पोस्टमनला तिरकं होऊन जावं लागतं, ही थाप माझीच. माझ्या थापांनी आजवर कुणाचं वाकडं झालं नव्हतं. ही मात्र ताईनं खरी मानली.

तिची मुलगी, माझी भाची, लोकांच्या भिंती रंगवायची. आधी नुसती सही, हात न उचलता, एका दमात. मग फुग्यासारखी गुबगुबीत अक्षरं. मग एकमेकांत अशी गुंतवलेली की वाचणाऱ्याची मान लचकावी. शेवटी पोरगी छाप्यावर आली. भावजींचं मनगट मोडलं होतं, त्या एक्स-रेच्या फिल्ममधून तिनं आईचा चेहरा कातरला, गोदामाच्या भिंतीला लावला आणि डबा खुळखुळवून स्प्रे मारला. कारण ताई म्हणाली होती, "भिंती नासवणारीनं मला तोंड दाखवू नये." पोरीनं ताईचंच तोंड दाखवलं! ताई हट्टानं बघायला गेली नाही.

पुढच्याच महिन्यात पोर पुलाच्या कठड्यावर रंगवताना पडली. गेली.

आणि भावजींची नोकरी कोणती? पालिकेसाठी असली चित्रं करड्या रंगानं झाकायची. साहेबाचा हुकूम आला, तेव्हा ही भिंतही त्यांनीच झाकली होती, पोर असतानाच.

वर्षभरानं कळलं, उद्या भिंत पाडणार. मी जेवताना म्हणालो, "ताई, ती भिंत म्हणजे कांदा आहे. वरचा पापुद्रा काढला की खाली तू बसलेली!" पोर गेल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवशी तिनं भात परत मागून घेतला. भावजी ताटात बघत राहिले.

सकाळी तिघं गेलो. मी पत्र्यानं खरवडायला लागलो.

"भावजी, तुम्ही पण हात लावा की!"

"तूच कर."

करडा रंग निघाला, कागदाइतका पातळ. खाली गिलावा.

"अरे, जरा डावीकडे बघ," ताई म्हणाली.

डावीकडे गिलावा. खाली, वर, गिलावाच.

"भावजी, खालचे रंग कुठायत?"

"आधी खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, धुवायचं, मगच ब्रश. तीस वर्षं असंच करतोय. बाकीचे नुसतं वरून फासतात, त्यांचं काम वर्षात पोपडे धरतं." बोलता बोलता आवाजात जुना तोरा आला, आणि त्यांचा त्यांनाच ऐकू गेला.

"मग काल का नाही बोललात?"

"ती जेवत होती."

ताईनं पिशवीतून ती फिल्म काढून भिंतीला लावली. डोळ्यांच्या जागी गिलावा, ओठांच्या जागी गिलावा. गालावर भावजींचं मोडकं हाड.

"अशी दिसत होते का रे मी?"

मी पत्रा खाली ठेवला. भावजींचा तळवा सवयीनं भिंतीवरून फिरत होता. कुठेही रंगाचा कण लागत नव्हता.