टेकडीवरच्या घरांचे पत्ते

मित्रांनो, ज्या खोलीत भर उन्हाळ्यातही माणसं अंगात स्वेटर घालून येतात, त्या खोलीतल्या लोखंडी मांडणीत मी राहतो. मी एक जुना सर्व्हर आहे. माझ्या पंख्यांचा आवाज इतका, की शेजारी उभं राहून बोलायचं तर ओरडावंच लागतं.

माझी कंपनी आजारी माणसांच्या घरी प्राणवायूची यंत्रं भाड्याने देते. प्रत्येक यंत्र थोड्याथोड्या वेळाने मला आपली खुशाली कळवतं. एखाद्याने कुरकुर केली, की मी बाहेरच्या टेबलावर घंटा वाजवतो आणि मेकॅनिक त्या घरी धावतो. आमचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे. "हा आमचा खरा डॉक्टर बरं का! रजा नाही, सुट्टी नाही, चहासुद्धा मागत नाही."

इंटरनेटवर बोलायचं तर प्रत्येकाला पत्ता लागतो. जुने पत्ते सगळ्या जगात मिळून चारशे कोटींच्या आसपास होते. सुरुवातीला ते उदंड वाटले. मग फोन आले, घड्याळं आली, दिवेसुद्धा इंटरनेटवर बोलू लागले, आणि पत्ते पुरेनात. अख्ख्या वस्तीला मिळून एकच पत्ता द्यायची वेळ आली. म्हणून आयपीव्ही सिक्स नावाची नवी पद्धत निघाली. त्या पद्धतीचे पत्ते लांबलचक असतात.

आमच्या शहराबाहेर एक टेकडी आहे. तिथे नवी घरं झाली आणि फोन कंपनीने त्यांना नवेच पत्ते दिले. माझा कारभार मात्र जुन्याच पत्त्यांवर चाले. त्यामुळे वाटेत फोन कंपनीचा एक दुभाषा बसला होता. तो नव्याचं जुन्यात करून मला सांगायचा. घरं वाढली तसा तो मेटाकुटीला आला. काही निरोप उशिरा येऊ लागले, काही वाटेतच गळू लागले.

आमचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंना याची कुणकुण लागली होती. त्या दादांशी दोनदा बोलल्या. दादा म्हणाले, "चालतंय ना? मग कशाला उगाच हात लावायचा?"

त्याच टेकडीवर गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांची फुप्फुसं थकली होती, पण शिकवणी सुटली नव्हती. एका दुपारी त्यांच्या यंत्राची गाळणी तुंबली. यंत्राने मला हाक मारली, पुन्हा मारली. माझ्यापर्यंत एकही हाक पोहोचली नाही. त्यांचा मुलगा सहज खोलीत डोकावला म्हणून त्याला आईचे निळे पडलेले ओठ दिसले. घरात जादा सिलिंडर होता, तेवढ्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "यंत्र तर तुम्हाला हाका मारत होतं, तशी नोंदच आहे त्यात. मग तुम्हाला ऐकू कसं नाही आलं?"

दादांनी लगेच ताईंना बोलावून घेतलं. मग म्हणाले, "ताई, काय लागेल ते करा."

ताईंनी माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि माझ्या पोटातल्या सेटिंगा तपासू लागल्या. अचानक त्या थांबल्या. "अहो दादा, याला आयपीव्ही सिक्स येतंय की! बसवतानाच कुणीतरी बंद करून टाकलंय."

मित्रांनो, मी थक्क झालो. ती भाषा कारखान्यातच मला शिकवली गेली होती, आणि आजवर मी ती एकदाही बोललो नव्हतो!

पण नुसतं कळ दाबून भागणार नव्हतं. ताईंनी इंटरनेट कंपनीकडून आमच्यासाठी नवे पत्ते घेतले. परक्या कुणी आत शिरू नये म्हणून जुन्या दाराला जशी कुलपं होती तशीच नव्या दारालाही लावली. इंटरनेटच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे नवा पत्ता नोंदवला.

"पण हे पत्तेही संपले तर?" दादांनी विचारलं.

ताई हसल्या. "एका घराला जेवढे पत्ते मिळतात ना दादा, तेवढे जुन्या पद्धतीत सगळ्या जगात मिळून नव्हते."

"काहीतरीच!"

"खरंच. तीन लिहा आणि पुढे अडतीस शून्यं काढा. नव्या पद्धतीत सगळे मिळून साधारण तेवढे पत्ते."

दादा बोटाने हवेत शून्यं काढू लागले आणि मध्येच मोजणी चुकून पुन्हा पहिल्यापासून काढू लागले.

मग नवं दार उघडलं. आजवर टेकडीवरची सगळी यंत्रं मला एकाच पत्त्यावरून बोलताना दिसत. जणू एका खिडकीमागे खूप माणसं उभी, आणि दिसतो तो दुभाष्याचाच चेहरा. आता एकेक यंत्र आपापल्या पत्त्यावरून थेट माझ्याशी बोलू लागलं. हे इथलं, ते तिथलं, आणि हे बाईंचं! एवढ्या अफाट आकड्यांच्या समुद्रात त्या एका उशाशी ठेवलेल्या यंत्राची स्वतःची जागा होती, आणि ती दुसऱ्या कुणाचीच नव्हती. माझे पंखे जोरात फिरले.

काही आठवड्यांनी बाईंच्या यंत्राने पुन्हा कुरकुर केली. हाक थेट आली. मी घंटा वाजवली, मेकॅनिक गेला, गाळणी बदलली. संध्याकाळी ताई फोन कानाला लावूनच माझ्या खोलीत आल्या आणि तो माझ्यापुढे धरला. माझ्या गोंगाटातूनही बाईंचा खणखणीत आवाज आला, "सांगा त्याला, आज शिकवणी बुडली नाही म्हणून!"

मित्रांनो, माझं आता वय झालं. कधी ना कधी मला या मांडणीतून उतरवतील, त्याचं दुःख नाही. पण तुमच्यातलं कुणी मोठेपणी माझ्यासारख्याला सांभाळणार असेल, तर त्याच्यात काय काय बंद करून ठेवलंय ते एकदा पाहा. दार उघडा, त्याला नीट कुलूप लावा, आणि मधूनमधून हाक मारून बघा, ऐकू येतंय ना ते. टेकडीवर अजून घरं होताहेत. तिथे आज कुणाच्या तरी उशाशी एक यंत्र पहिल्यांदाच सुरू होईल, आणि मला शोधू लागेल.