बार्ब्रोची गाडी तापते

मे महिन्यात नदीवरचा बर्फ फुटला आणि बार्ब्रोची गाडी तापायला लागली. तेव्हापासून माझा नवरा दर शनिवारी पुलापलीकडे, तिच्या अंगणात. स्टुरेनं सारं आयुष्य नगरपालिकेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. आणि आता निवृत्त झाल्यावर एका विधवेच्या जुन्यापुराण्या व्होल्वोचं दुखणं त्याला सापडेना!

आधी थर्मोस्टॅट बदलला. मग रेडिएटर धुतला. मग पंख्याचा पट्टा, मग रेडिएटरचं झाकण, शेवटी वॉटर पंप. दर वेळी घरी येऊन म्हणायचा, "आता बघू." आणि दोन-चार दिवसांत तिचा फोन यायचा, चढावर पुन्हा काटा लाल रेघेवर गेला म्हणून. तो यायचा तेव्हा हातांना कूलंटचा गोडसर वास आणि स्वेटरवर दालचिनीच्या पावाचा चुरा.

"कॉफीत चीज घालून देते का रे ती?" मी एकदा विचारलं.

"देते."

कॉफीत चीजचे तुकडे आम्ही पाहुण्याला देतो, रोजच्या माणसाला नाही. मी स्टुरेला शेवटचे कधी दिले होते ते मला आठवेना, आणि त्याचाच राग जास्त आला.

"एवढं झालंय तरी काय त्या इंजिनाला?"

"जुनं आहे. वेळ लागतो."

"इंजिन जुनं की मालकीण?"

"गुनवोर, तू पण ना..." असं म्हणून तो वर्तमानपत्रामागे गेला. घरात त्याचं बोलणं एवढंच. जेवण वाढलं का, पाऊस येईलसं दिसतंय, तू पण ना.

मला मत्सर वाटत होता. त्याला दुसरं गोंडस नाव कशाला देऊ? शनिवार उजाडला की अंगाचा तिळपापड व्हायचा. बार्ब्रो देखणीही नाही. देखणी असती तर निदान कळलं तरी असतं. उंच, हाडकुळी, नवऱ्याचा जुना कोट घालून फिरणारी बाई. तिच्यात काय बघितलं यानं, ह्या विचारानं मी भांडी घासताना दोन कप फोडले.

मी स्वतः शाळेची बस चालवलेली बाई आहे. गाडी का तापते ते मलाही समजतं. स्टुरे दात दाखवायला शहरात गेला, त्या दिवशी मी सायकल काढली आणि पूल ओलांडला.

"अगं बाई, गुनवोर! ये ये, कॉफी टाकते," बार्ब्रो दारातून म्हणाली.

"आधी किल्ली दे."

तिनं दिली. जरा थांबून दिली.

बॉनेट उघडलं. इंजिन थंड होतं, पाणी काठोकाठ. गाडी चालू केली आणि डास मारत उभी राहिले. वरचा होज पाइप तापला, थोड्या वेळानं खालचाही तापला. म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय, पंप पाणी फिरवतोय. टाकीत बुडबुडे नाहीत, म्हणजे गॅस्केट शाबूत. काम चोख होतं, स्टुरेचंच होतं. मग पाणी मुरत होतं कुठं?

मी खिशातून रुमाल काढून पुढच्या जाळीसमोर धरला. इंजिनाचा पंखा पलीकडून हवा ओढत असतो, रुमाल जाळीला चिकटायला हवा. तो सरळ खाली लोंबला.

तेव्हाच मला कळलं. तरी मी हात घातला.

थंडीत आम्ही जुन्या गाड्यांच्या रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतो, नाहीतर इंजिन गरमच होत नाही. बर्फ वितळला की काढायचा. दर वर्षी गावात कुणीतरी तो काढायला विसरतं, गाडी उकळते आणि दुकानात त्याची थट्टा होते. गाडी तापली तर इथलं शेंबडं पोरही आधी जाळीमागे बघतं. आणि माझ्या नवऱ्यानं वॉटर पंप बदलला होता!

पुठ्ठा बाहेर काढला. रस्त्यावरच्या मिठाचा डाग नाही, चिखल नाही, कोरा करकरीत. कडा सुरीनं सरळ कापलेल्या. त्यावर आमच्या नव्या व्हॅक्यूम क्लीनरचं चित्र होतं. तो आम्ही मेच्या शेवटी घेतला, बर्फ वितळून गेल्यावर.

पायरीवर बार्ब्रो कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"मेमध्ये मी खरंच विसरले होते. तो जुना पुठ्ठा स्टुरेनंच काढून दाखवला, खूप हसलो आम्ही." तिनं किटली खाली ठेवली. "मग परत तापली. जाळीवरचे मेलेले किडे धुताना हा दिसला."

"मग काढला का नाहीस?"

"दुकानापर्यंत जायला काही होत नाही. चढावर मी नेतच नाही."

"मग फोन कशाला करत होतीस, तापली म्हणून?"

तिनं किटलीचं झाकण उगाच उघडून पुन्हा लावलं.

"बार्ब्रो, तो इथं येऊन करतो तरी काय?"

"बोलतो," ती म्हणाली. "माझा एव्हर्ट गेल्यापासून या घरात कुणी बोललंच नव्हतं गं. स्टुरे लहानपणी नदीत सोडलेल्या लाकडाच्या ओंडक्यांवरून पलीकडे जायचा ते, भाऊ डोळ्यांदेखत बुडाला ते..."

स्टुरेला भाऊ होता हे मला माहीत होतं. तो बुडाला हेही. पण स्टुरे तिथं होता, हे मला माहीत नव्हतं.

दोघांपैकी एकजण खोटं बोलत असता तर मी भांडले असते. इथं तो तिला फसवत होता, ती त्याला फसवत होती, आणि दोघांनाही तेच हवं होतं. एवढी धडपड माझ्यासाठी कुणी कधी केली नव्हती. मी कॉफी न पिता पुठ्ठा घेऊन निघाले.

स्टुरे संध्याकाळी आला, तेव्हा पुठ्ठा टेबलावर होता, त्याच्या ताटाच्या जागी. त्यानं बघितलं. खुर्ची ओढून बसला. गाल सुजला होता.

"मला का नाही सांगितलंस कधी? भावाचं?" मी विचारलं.

त्यानं पुठ्ठा उलटा करून ठेवला. खोटं बोलला असता तर फार बरं झालं असतं.

"तू कधी विचारलं नाहीस," तो म्हणाला. "आणि आता तुला सांगायला लागलो तर मध्येच उठून भांडी घासशील."

मी उठले आणि खरंच नळापाशी जाऊन उभी राहिले.

त्यानंतर बार्ब्रोची गाडी तापली नाही. फोनही आला नाही. शनिवारी मी मुद्दाम उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहिले, घरात काय होतंय ते ऐकत. न्हाणीघरात तो दाढी करत होता. मग खोलीच्या दारात आला.

"गुनवोर, माझा निळा शर्ट कुठंय?"

इतके दिवस तो बार्ब्रोकडे कामाच्या कपड्यांत जायचा.

"कपाटात," मी म्हणाले. "कालच इस्त्री करून ठेवलाय."