हमरापूरचा हात

तीनशे बारावा कागद वाचून झाल्यावर अनिता ठाकूरने तो गठ्ठ्यात ठेवला नाही. टेबलावरचा पंखा बंद केला, कागद दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.

आधीच्या तीनशे अकरा कागदांना तिने एवढा वेळ दिला नव्हता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विद्यापीठात तपासणी समिती येणार होती आणि समितीला विद्यार्थ्यांची मतं हाताने लिहिलेली हवी होती. म्हणून शेवटच्या वर्षाच्या चारशे बारा मुलांना सभागृहात बसवून प्रत्येकाला एक छापील कागद देण्यात आला. वर मथळा होता, ‘विद्यापीठातील माझे जीवन’. खाली दोन प्रश्न: काय आवडतं आणि काय बदलावं. नाव लिहू नये, ही सूचना ठळक अक्षरांत होती.

मुलांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. वायफाय येतं आणि जातं, प्राध्यापक फक्त जातात. मिठागरं एवढी जवळ असून मेसच्या भाजीत मीठ नाही. मुलींना साडेसहाच्या आत यावं लागतं, डासांना वेळेचं बंधन नाही. एकाने दोन्ही प्रश्नांखाली ‘ठीक’ एवढंच लिहिलं होतं. अनिता वाचत होती, हसत होती आणि कागद तीन गठ्ठ्यांत लावत होती: चांगली मतं, किरकोळ तक्रारी, गंभीर तक्रारी. तिसऱ्या गठ्ठ्यात तोपर्यंत काहीच नव्हतं.

तीनशे बाराव्या कागदावर ‘काय आवडतं’ याखाली एक ओळ होती: ‘संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर खाडीकडचा वारा येतो.’ ‘काय बदलावं’ याखाली लिहिलं होतं:

‘वसतिगृहाबाहेर जायच्या पासवर फक्त वडिलांची सही चालते, तो नियम बदलावा. जुहेबला बुधवारी ताप आला. त्याचे वडील कुवेतला असतात. आईची सही दफ्तरी नोंदवलेली नाही, म्हणून ती चालली नाही. गुरुवारी ताप एकशे तीन होता. रेक्टर सरांनी दोन गोळ्या दिल्या. शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वडिलांनी सही करून तिचा फोटो पाठवला. फोटो चालत नाही, मेल हवा, असं सांगण्यात आलं. पावणेचारला त्याला मोटारसायकलवर मधे बसवून पेणला नेलं. रस्त्यात तो दोनदा म्हणाला, आपल्याकडे पास नाही. तिथून पनवेलला हलवलं. रविवारी पहाटे पनवेलच्या हॉस्पिटलात तो वारला. मंगळवारी वसतिगृहातल्या त्याच्या खाटेवर दुसऱ्या मुलाचं नाव लागलं.’

जुहेब रोह्याचा होता, अनिताच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडचा. जानेवारीत तो गेला तेव्हा कार्यालयात एवढंच समजलं होतं की मुलगा तापाने आजारी होता, घरी गेला आणि तिकडे वारला. अनिता त्याच्या आईला, फरझानाला, भेटायला गेली होती. फरझानाने तिला एकच गोष्ट विचारली होती, तिथं त्यानं कुणाला सांगितलंच नाय का गो? अनिता म्हणाली होती, नसेल सांगितलं.

तिने कागदाला लाल चिठ्ठी लावली आणि तो एकटाच तिसऱ्या फाइलमध्ये घातला. ती फाइल बाकीच्या दोन फाइलींच्या वर ठेवून ती संचालकांच्या खोलीत गेली. कुणीतरी हे वाचायला हवं, एवढाच तिचा विचार होता.

गुणवत्ता विभागाचे संचालक नितेश सर मुंबईहून आलेले, वय पस्तिशीच्या आत. आवाज चढवत नसत. शिपायालाही अहो म्हणत. त्यांनी कागद सावकाश वाचला, मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा वाचला.

“लिहिलंय स्वच्छ,” ते म्हणाले. “एक शब्द जास्तीचा नाही. कोण असेल हो, अनिताताई? नाव नाही, म्हणजे कळायचं नाहीच म्हणा.”

“हात हमरापूरचा हाय, सर,” अनिता म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

अनिताचं माहेर हमरापूर. बाराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत तिने चुलत्याच्या, नाथाकाकांच्या, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखले होते. रंग कुणीही मारतो, पण डोळे आखणारे हात गावात मोजकेच असतात. प्रत्येक कारखान्याची आखणी वेगळी, आणि कुठला डोळा कुणी काढला हे गावातल्या माणसाला चार पावलांवरून कळतं. नाथाकाका मूर्तीची भुवई बाहेरून आत ओढायला शिकवायचे. करंगळी टेकवायची, श्वास धरायचा, मधे ब्रश उचलायचा नाही आणि शेवटाला वर सोडून द्यायचा. तिथे शिकलेली पोरं वहीतही तसंच करायची. आधी ओळभर अक्षरं लिहायची आणि मग उजवीकडून डावीकडे एका दमात शिरोरेघ. ती उजवीकडे जाड असायची, डावीकडे पातळ होत जायची आणि पहिल्या अक्षरावर किंचित वर उचलली जायची.

हे सगळं तिने संचालकांना सांगितलं. टेबलावरची पेन्सिल घेऊन एका रद्दी कागदावर करूनही दाखवलं. सव्वीस वर्षांत तिने ब्रश धरला नव्हता, तरी रेघ जशी हवी तशी आली.

“कमाल आहे,” नितेश सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “एकोणीस वर्षं इथे आहात आणि आम्हाला पत्ताच नाही.”

अनिता या कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा विद्यापीठ नव्हतं, एक कॉलेज होतं. पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी दोन इमारती. पुढे इमारती सात झाल्या, पाटी बदलली, वसतिगृह सगळ्यांना सक्तीचं झालं. या एकोणीस वर्षांत पाच साहेब येऊन गेले. तिला काय येतं, हे त्यांतल्या कुणी विचारलं नव्हतं. त्या दुपारी डबा खाताना तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना आपण होऊन कारखान्याच्या दोन गोष्टी सांगितल्या.

चार वाजता संचालकांच्या खोलीतून फोन आला. वसतिगृहातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची गाववार यादी हवी होती. अशा याद्या तिच्याकडे रोजच मागत. तिने यादी काढली आणि छापायला दिली. कागद यंत्रातून अर्धा बाहेर आला तेव्हा तिला ‘हमरापूर’ हे नाव दिसलं. त्याखाली तीन मुलं होती. दोघांच्या आडनावांवरून ती कारखानदारांच्या घरची नव्हती हे तिला कळत होतं. तिसरा प्रणित म्हात्रे, आईचं नाव सीताबाई. सीताबाई आणि ती नाथाकाकांकडे एकाच पाटावर बसून शिकल्या होत्या.

ती यादी घेऊन तिला कितीतरी वेळ उठता आलं नाही. मग शिपाई आला आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला प्रणितला बोलावलं. नोंद घ्यायला अनिताला आत बसवलं होतं. अंगाने बारीक, चष्मा लावलेला पोरगा. हा कागद तुमचा का, असं विचारल्यावर तो लगेच हो म्हणाला. तो इतक्या लवकर कबूल होईल असं नितेश सरांना वाटलं नसावं, कारण पुढचा प्रश्न यायला वेळ लागला.

नितेश सरांनी त्याला समजावून सांगितलं. मित्र गेल्याचं दुःख ते समजू शकत होते. पण मत म्हणजे मत, हा तर आरोप झाला. त्याने एवढंच लिहून द्यायचं होतं की ही माहिती ऐकीव आहे आणि ती लिहिल्याबद्दल त्याला खेद वाटतो. मग विषय संपला. एक अडचण वेगळीच होती. प्रणितची हजेरी चार टक्क्यांनी कमी भरत होती. जानेवारीत तो पनवेलला हॉस्पिटलात थांबला होता, ते दिवस गैरहजेरीत गेले होते. ते माफ करायचा अधिकार संचालकांना होता. लिहून दिलं तर दोन तारखेच्या परीक्षेचं हॉलतिकीट मिळेल. नाही दिलं तर ते काही करू शकणार नव्हते, आणि वर्ष संपेपर्यंत वसतिगृहात राहायचंही मग कारण उरत नव्हतं. विचार करायला शुक्रवारपर्यंत मुदत, येताना पालकांना आणावं.

प्रणितची रोह्याच्या एका केमिकल कंपनीत निवड झाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं, पदवी हातात असेल तर. हे त्याने सांगितलं नाही. ते त्याच्या फाइलमध्ये होतं.

तो गेल्यावर अनिता मागे थांबली. “सर, माझी चूक झाली. ती रेघ कुणाचीपण असू शकते. मी उगाच बोलले.”

“तुमची कसली चूक?” नितेश सर म्हणाले. “तो स्वतःच हो म्हणाला ना.” मग त्यांनी तिला मोजणी दुरुस्त करायला सांगितलं. अहवालात चारशे अकरा कागद दाखवायचे होते.

त्या रात्री घरी तिने नवऱ्याला, हिरामणला, सगळं सांगितलं. तो कंपनीतून शिफ्ट करून आला होता, जेवत होता. त्याचं म्हणणं पडलं, पोरगा लिहून देईल, परीक्षेला बसेल, तू कशाला जीव जाळतेस. सगळेच देतात. अनितालाही तसंच व्हावं असं वाटत होतं. आणि तसं झालं तर फरझानाच्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर कायम राहणार होतं, हेही तिला दिसत होतं.

शुक्रवारी सीताबाई पहिल्या एसटीने आली. कारखान्यातून उठून तशीच आली असावी, नखांच्या कडांना पिवळा रंग होता. व्हरांड्यात अनिताला पाहून तिचा चेहरा उजळला.

“अगो अनिता! तू हतं हायस? मंग मला काय भ्याव नाय.”

अनिताने तिला बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. सीताबाई सांगत होती, नवरा गेल्यावर तिनेच कारखाना धरून ठेवला होता. पोराला सुट्टीत आखणीला बसवायची. हात चांगला होता त्याचा, पण तिनेच म्हटलं होतं की तू शिक, रंगात बसू नको. मग ती आवाज उतरवून म्हणाली, “कागदावर नाव नव्हतं म्हनतो. मंग वळखला कुनी?”

“मी,” अनिता म्हणाली.

सीताबाई तिच्याकडे बघत राहिली.

“साहेबांनी इचारलं. मी बोलून गेले. रेघ बघितली न् बोलून गेले गो.”

“नाथाकाकांची रेघ?”

“व्हय.”

सीताबाईने पेला खाली ठेवला. “मीच शिकवली त्याला,” ती म्हणाली. अनिता पुढचं बोलणं ऐकायला थांबली होती. ते आलं नाही.

आत मजकूर टाइप करून तयार होता, तीन ओळी. तो अनितानेच टाइप केला होता. प्रणितने तो वाचला. नितेश सरांनी पेन पुढे केलं.

“लिवून दे रे बाबा,” सीताबाई म्हणाली. “तो पोर काय आता परत यायचा नाय.”

“ऐकीव म्हणून लिहिलंय, आई,” प्रणित म्हणाला. “गाडी मी चालवत होतो. त्याचं डोकं माझ्या पाठीवर होतं. मी कुणाकडून ऐकलं म्हणून लिहू?”

नितेश सरांनी घड्याळात पाहिलं. घाई केल्यासारखं नको, म्हणून पुन्हा खाली पाहिलं. सीताबाईने एकदा मुलाकडे, एकदा त्या तीन ओळींकडे पाहिलं. तिला आणखी एकदा सांगता आलं असतं. आईने दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तो पोरगा कदाचित वळलाही असता. अनिताला तसं वाटलं, आणि तिने नोंदवहीतून मान वर केली नाही.

सीताबाई उठली. पदर सारखा केला. “गादी हतली, का आपली?” तिने मुलाला विचारलं.

“आपली.”

“मंग घे ती.”

वसतिगृहातून सामान निघायला पाऊण तास लागला. एक पेटी, पुस्तकांच्या दोन पिशव्या, बादली आणि सुतळीने गुंडाळून बांधलेली कापसाची गादी. प्रणितने पेटी खांद्यावर घेतली, दुसऱ्या हातात पिशव्या धरल्या आणि पुढे झाला. सीताबाईने बादली गादीच्या सुतळीत अडकवली आणि गादी एकटीने ओढायला लागली. अनिताने तिला वसतिगृहाच्या तिसऱ्या पायरीवर गाठलं आणि दुसरं टोक उचललं. दोघी गादी धरून सातही इमारतींच्या समोरून चालत गेल्या. वर्ग चालू होते. खिडक्यांतून काही मुलं बघत होती. एकाने हात वर केला, पण प्रणित बराच पुढे गेला होता.

रस्त्यापलीकडच्या थांब्यावर छप्पर नव्हतं. ऊन बरंच चढलं होतं. गादी उभी करून दोघी दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एकदा सीताबाईने विचारलं, पेणहून हमरापूरची गाडी बाराला असते ना अजून? अनिता म्हणाली, साडेबाराला. एवढंच बोलणं झालं.

रोह्याकडून गाडी आली. प्रणितने पेटी चढवली आणि आत गेला. सीताबाईने गादी आपल्याकडे ओढली, तेव्हा ती सरकली नाही. अनिताने टोक धरूनच ठेवलं होतं.

“सोड गो आता,” सीताबाई म्हणाली. “तुला तुझे साहेब बघत असतील.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ओट्यावर उशिरापर्यंत बसलेल्या शेजारणीला घरी जा म्हणावं, तशी ती म्हणाली. अनिताने सोडलं. कंडक्टरने गादी आत ओढून घेतली, बादली दाराला आपटली आणि गाडी हलली.

अनिता थांब्यावर उभी राहिली. सुतळी धरून आखडलेली बोटं तिने दुसऱ्या हाताने एकेक करून सरळ केली आणि मग रस्ता ओलांडला.